वेबसाइटची थीम निवडताना कुणाचं ऐकायचं? आमच्या वाचनालयाचा अनुभव

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आमच्या वाचनालयाची वेबसाइट सुरू झाली. ठराव झाला होता डिसेंबर २०२४च्या कार्यकारिणीत. मधल्या काळात सगळ्यात जास्त वेळ थीम, म्हणजे वेबसाइटची तयार मांडणी आणि रूप, ठरवायला लागला, आणि त्यातही थीमबद्दल इंटरनेटवर जे लिहिलेलं असतं त्यातलं खरं किती हे ताडून बघायला. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयातून आणि एका शाळेतून ‘तुम्ही थीम कशी ठरवलीत’ अशी विचारणा झाली, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं, ‘ब’ वर्गाचं. मी सहचिटणीस, पेशाने शिक्षिका. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर शाळेचा ब्लॉग चालवलेला असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. सोबतीला माझा एक माजी विद्यार्थी होता, जो आता संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो.

संस्थेचा नियम असा की खर्च करायचा तर तीन दरपत्रकं हवीत. जानेवारीत ती मागवली. त्यातल्या एकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रीमियम थीम मोफत’. बाजारात जी थीम साठ-सत्तर डॉलरला मिळते ती हे मोफत कशी देतात, हे मला कळेना. मी फोन करून विचारलं की लायसन्स कुणाच्या नावावर असेल, अपडेट कुठून येतील. उत्तर आलं, ‘मॅडम, फाइल आहे आमच्याकडे, तीच टाकतो सगळीकडे.’ ते दरपत्रक आम्ही बाजूला ठेवलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि बऱ्याच थीमही त्याच परवान्यावर असतात. त्यामुळे एकाने घेतलेली फाइल दुसऱ्याला देणं हे प्रत्येक वेळी बेकायदा असतंच असं नाही. धोका वेगळा आहे. ती फाइल मधे कुणाकुणाच्या हातून गेली, तिच्यात कुणी काय घातलं हे कळत नाही आणि विकत घेणाऱ्याला मिळणारे अपडेट तुम्हाला मिळत नाहीत. २०१४ साली रेव्होल्यूशन स्लायडर नावाच्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या एका जादा सोयीत, मोठी सुरक्षात्रुटी सापडली होती. हे प्लगइन शेकडो थीमच्या पोटात घालून दिलेलं असायचं. त्यामुळे आपल्या साइटवर ते आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं आणि थीम बनवणाऱ्याने नवी आवृत्ती दिल्याशिवाय ते दुरुस्तही होत नव्हतं. त्या डिसेंबरात गूगलने अकरा हजारांहून जास्त साइट्स धोकादायक म्हणून रोखल्या. रीतसर विकत घेतलेल्या थीमची ही गत, मग ‘सगळीकडे टाकतो’ त्या फाइलचा भरवसा काय धरायचा?

कार्यकारिणीत ठरलं की डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (ती ठेवायची इंटरनेटवरची जागा) संस्थेच्या नावाने आपणच घ्यायचं आणि थीम आपण शोधायची.

मग मी शोधायला बसले. ‘उत्तम वर्डप्रेस थीम’ असं इंग्रजीत टाकलं की याद्यांचा पाऊस पडतो. पहिल्या आठवड्यात मी त्या मन लावून वाचल्या, वहीत नोंदी केल्या. हळूहळू ध्यानात आलं की सगळीकडे तीच आठ-दहा नावं आहेत, क्रम तेवढा बदलतो. वाक्यंसुद्धा सारखी: वेगवान, हलकी, सोपी, देखणी. कुठल्याच यादीत ‘ही थीम अमक्याने घेऊ नये’ असं एक वाक्य नाही.

मग दुव्यांकडे बघायला लागले. संगणकावर थीमच्या नावावर माउस नेला, किंवा फोनवर बोट दाबून धरलं, की पूर्ण पत्ता दिसतो. त्यात शेवटी ‘रेफ’ किंवा ‘अ‍ॅफ’ अशी इंग्रजी अक्षरं आणि एखादा क्रमांक असेल, किंवा दुवा थेट कंपनीकडे न जाता आधी त्याच साइटच्या ‘गो’ नाहीतर ‘रेकमेंड्स’ अशा पानावरून जात असेल, तर समजायचं की तुम्ही खरेदी केलीत तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळणार. पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द शोधला तरी कळतं. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांना ही खूण लावावी असं गूगलने २०१९ साली सांगितलेलं आहे.

कमिशन घेणारा प्रत्येक जण खोटं लिहितो असं मी म्हणणार नाही. काही जण वरच स्पष्ट सांगतात की आम्हाला यातून पैसे मिळतात, आणि तरी दोष लिहितात. त्यांचे लेख मी ठेवले. पण एक प्रसिद्ध यादी मी वेबॅक मशीनवर उघडली, म्हणजे त्याच पानाच्या जुन्या प्रती पाहिल्या. तीन वर्षांपूर्वीची यादी आणि आजची यादी जवळपास अक्षरशः एकच होती, फक्त शीर्षकातलं साल बदललेलं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि फुकट आहे. कुठल्याही यादीवर वेळ घालवण्याआधी ती जरूर करा.

यूट्यूबवर हिंदी आणि मराठी दोन्हींतले व्हिडिओ पाहिले. थीम कशी बसवायची हे शिकायला ते फार चांगले आहेत. पण परीक्षण म्हणून बघाल तर बहुतेकांत कोऱ्या साइटवर कंपनीचा नमुना चढवतात आणि तो किती छान दिसतो ते दाखवतात. ती थीम वर्षभर वापरल्यावर काय होतं, हे दाखवणारा व्हिडिओ मला क्वचितच सापडला.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी, जे सरकारी नोकरीतून निवृत्त आहेत, विचारलं की याला काही सरकारी मानक नाही का? आहे. भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस १९००० : २०२२’ हे ऑनलाइन परीक्षणांसाठीचं मानक नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर झालं. परीक्षण लिहिणारा खरा आहे का हे तपासणं, पैसे देऊन लिहून घेतलेली परीक्षणं रोखणं, अशा गोष्टी त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेतही बनावट परीक्षणांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४पासून लागू झाला. कायदा असणं चांगलंच, पण आमच्यासारख्या लहान संस्थेला तेवढ्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही. तपासायचं आपणच.

त्यानंतर मी याद्या बंद केल्या आणि वर्डप्रेसच्या अधिकृत थीम संग्रहाकडे वळले. तिथली थीम आत येण्याआधी तिची काही किमान तपासणी झालेली असते. प्रत्येक थीमच्या पानावर शेवटचा अपडेट कधी, किती साइटवर चालू आहे, लोकांनी किती तारे दिले हे सगळं असतं. दोन वर्षांत अपडेट झाला नसेल तर तसा इशाराही येतो.

तारे बघू नका, एक तारा देणाऱ्यांचं म्हणणं वाचा. तिथे परीक्षणं ताऱ्यांनुसार वेगळी करून बघता येतात. एक तारा देणाऱ्यांतले बरेच जण नुसते वैतागलेले असतात, ‘चालत नाही, बेकार’ एवढंच लिहितात. त्यांना सोडून द्यायचं. पण काही जण नीट लिहितात: अपडेटनंतर मेनू मोडला, अमुक सोय आधी फुकट होती ती आता पैशांची केली, वगैरे. त्याखाली थीम बनवणाऱ्याचं उत्तर असतं. त्या उत्तरावरून माणसं कळतात. काही जण तपशील विचारतात, चूक मान्य करतात, दुरुस्ती कधी येईल ते सांगतात. काही जण ‘आम्हाला इथे एक तारा देण्याआधी विचारायला हवं होतं’ म्हणून तक्रार करणाऱ्यालाच झापतात. दुसऱ्या प्रकारच्या थीम मी तिथेच काट मारून टाकल्या.

पाच ताऱ्यांचंही तपासा. परीक्षण लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली की त्याचं प्रोफाइल उघडतं. एका थीमला लागोपाठ भरभरून पाच तारे होते. मी एकेक प्रोफाइल उघडत गेले, तर बहुतेक खाती नुकतीच काढलेली आणि त्या एका परीक्षणापलीकडे कुणाचंही काही लिहिलेलं नाही. याचा अर्थ काय ते मी सिद्ध करू शकत नाही, पण ती थीम मी यादीतून काढली.

त्या पानावर परीक्षणांशेजारीच मदतीचा विभाग असतो, आणि मला तर तो परीक्षणांहून जास्त उपयोगी वाटला. परीक्षण माणूस एकदाच लिहितो, बहुधा पहिल्या आठवड्यात. मदत मात्र अडल्यावर मागतो. तिथे सोडवल्या गेलेल्या प्रश्नांवर खूण असते. अलीकडचे प्रश्न बघायचे, उत्तर किती दिवसांत आलं ते बघायचं.

विकतच्या थीमसाठी थीमफॉरेस्ट हा थीमचा ऑनलाइन बाजार पाहिला. तिथे परीक्षण फक्त विकत घेणाऱ्यालाच लिहिता येतं, हे चांगलं. पण खरा माल टिप्पण्यांत आहे. मी टिप्पण्यांमध्ये ‘हिंदी’, ‘फॉन्ट’, ‘अरबी’ असे शब्द इंग्रजीत शोधले, कारण आपल्या लिपीची अडचण आली असेल तर ती तिथेच दिसणार. आणखी एक लक्षात ठेवा: किमतीत मदत सहा महिन्यांचीच असते, पुढे वाढवायची तर पैसे पडतात, आणि ‘आवडली नाही’ एवढ्या कारणावर पैसे परत मिळत नाहीत.

मार्च आला आणि पैशांचा प्रश्न पुढे आला. आमच्या कोषाध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला बँकेत नेलं. संस्थेचं खातं अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघांच्या सहीने चालतं, आणि अशा संयुक्त सहीच्या खात्याला डेबिट कार्ड देत नाहीत, असं तिथे कळलं. म्हणजे डॉलरमध्ये पैसे भरायचे तर कुणीतरी स्वतःच्या कार्डावरून भरायचे आणि नंतर व्हाउचर करून संस्थेकडून घ्यायचे. स्वतःच्या कार्डावरही परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागतो. वर परकीय चलनाचा बँकेचा आकार आणि १८ टक्के जीएसटी. अण्णा म्हणाले, ‘बाई, भरायला माझी ना नाही. पण बिल संस्थेच्या नावाचं पाहिजे, नाहीतर ऑडिटर मला सोडणार नाही.’ त्यांचं बरोबर होतं. संस्था असाल तर थीम पसंत करण्याआधी हे विचारून घ्या: बिलावर संस्थेचं नाव येईल का, आणि दरवर्षीचं नूतनीकरण आपोआप कापलं जाणार का. अनेक थीम आता एकदाच विकत घ्यायच्या नसतात, वर्षाला पैसे भरायचे असतात. मी दोन कंपन्यांना हे विचारलं आणि सोबत ‘तुम्ही देवनागरीत तपासलं आहे का’ असंही विचारलं. एकीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, देवनागरी मजकुराच्या चित्रांसकट. दुसरीकडून आलेलं उत्तर माझा प्रश्न न वाचता पाठवलेलं होतं.

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्यावर मी तो मार्ग धरला जो मी आज सगळ्यांना सांगते. ती थीम खरोखर वापरणाऱ्यांना शोधलं. घर भाड्याने घेताना एजंटापेक्षा आधीच्या भाडेकरूला विचारावं, तसं हे आहे. आवडलेल्या कुठल्याही मराठी साइटचा सोर्स उघडायचा आणि त्यात इंग्रजीत ‘डब्ल्यूपी-कंटेंट’, तिरकी रेघ, ‘थीम्स’ असं शोधायचं. पुढचा शब्द म्हणजे थीमचं नाव. मी मराठी मासिकं, ग्रंथालयं, संस्था, प्रकाशक अशा साइट्स धुंडाळल्या, आणि जिथे माझ्या यादीतली थीम दिसली तिथे संपर्काच्या पत्त्यावर साधं मराठीत पत्र लिहिलं. कोण आहे, कशासाठी विचारते आहे, आणि तीनच प्रश्न: किती वर्षं वापरता, काय अडलं, आज पुन्हा हीच घ्याल का?

सगळ्यांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी मात्र भरभरून दिलं. दिवाळी अंक काढणाऱ्या एका संपादकांनी तर फोनच केला. त्यांची थीम स्वतःच्या पानबांधणीच्या साधनासकट आली होती. पुढे ती बदलायची ठरवल्यावर प्रत्येक लेखात चौकोनी कंसातले कोड उघडे पडले, आणि जुने अंक एकेक करून हाताने साफ करावे लागले. त्यांनी मला सांगितलं की थीम चढवण्याआधी ती उतरवून बघा. हा सल्ला एकाही यादीत नव्हता, कारण थीम सोडून जाणाऱ्याकडून कुणालाच कमिशन मिळत नाही.

मे महिन्यात चाचणी. यासाठी होस्टिंग लागत नाही. वर्डप्रेस प्लेग्राउंड म्हणून सोय आहे, तिथे ब्राउझरमध्येच कोरं वर्डप्रेस उघडतं, हवी ती थीम चढवा, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. मी एकच मजकूर प्रत्येक थीममध्ये टाकला. शीर्षक होतं ‘कऱ्हाडच्या वाङ्मयीन वर्तुळातील सर्वांत ज्येष्ठ कार्यकर्त्यांची र्‍हस्व-दीर्घाची शिकवणी’. अर्थाकडे जाऊ नका. त्यात रफार, रफारावर अनुस्वार, अर्धा र, खाली पाय मोडलेली अक्षरं, उकार, सगळं येतं.

नमुन्यात देखण्या दिसणाऱ्या थीम इथे उघड्या पडल्या. एकीत मोठ्या शीर्षकाच्या दोन ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत होते. एकीत चौकटीच्या वरच्या कडेला ‘र्वां’चा रफार आणि अनुस्वार दोन्ही कापले गेले, ‘सर्वांत’चं ‘सवात’ दिसू लागलं. एकीत मेनूच्या अक्षरांमध्ये मोकळं अंतर ठेवलेलं होतं. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं पडतं. आमच्याकडे रोज येणाऱ्या वाचकांत सत्तरीच्या पुढचे कितीतरी आहेत. त्यांना ‘सवात’ वाचायला लावणारी थीम पाच ताऱ्यांची असली तरी मला नको होती.

हे दोष कुठल्याही परीक्षणात नसतात, कारण परीक्षण करणाऱ्याने आपली लिपी टाकूनच बघितलेली नसते. तो लबाड असेलच असं नाही, त्याचा प्रश्नच वेगळा असतो. म्हणून माझं मत असं झालं की इंग्रजी परीक्षणावरून थीम कशी चालवली जाते ते ओळखायचं, अपडेट, मदत, पैशांचे व्यवहार या बाबतीत. ती मराठीला चालेल का, हे मराठी साइट चालवणाऱ्याला विचारायचं आणि स्वतः मजकूर टाकून बघायचं.

शेवटी निवडली ती ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’. वर्डप्रेस स्वतः काढतं त्या थीमपैकी ही एक, नोव्हेंबर २०२४ची, पूर्ण मोफत. याद्यांमध्ये या घरच्या थीम फारशा दिसत नाहीत. त्या विकल्या जात नाहीत, मग त्यांची शिफारस करून कुणाला काय मिळणार? तिच्यातही मराठीसाठी बदल करावे लागले. वर्डप्रेसमध्ये २०२४पासून फॉन्टचा संग्रह आला आहे. त्यातून ‘मुक्ता’ घेतला, अक्षर जरा ठसठशीत केलं, शीर्षकाच्या ओळींमधलं अंतर वाढवलं, अक्षरांमधलं अंतर शून्य केलं. एक ओळसुद्धा कोड लिहावा लागला नाही. थीम उतरवूनही बघितली: दुसरी चढवल्यावर लेखांचा मजकूर जसाच्या तसा राहिला.

थीमचा खर्च शून्य झाला. डोमेनला सातशेच्या आसपास आणि होस्टिंगला वर्षाचे साधारण साडेतीन हजार गेले, दोन्ही बिलं रुपयांत आणि संस्थेच्या नावाने. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. जुलैमध्ये माझ्या विद्यार्थ्याने गूगलच्या पेजस्पीडवर तपासलं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. मोबाइलवर आमचं पान त्यात बसलं. आमच्या ग्रंथपालताईंनी त्याहून चांगली परीक्षा घेतली: वाचनालयात आलेल्या एका आजोबांच्या हातात त्यांचाच जुना फोन दिला आणि नवीन पुस्तकांची यादी मोठ्याने वाचायला सांगितली. त्यांनी न अडखळता वाचली.

साइट सुरू झाल्यावर मी त्या थीमच्या पानावर परीक्षण लिहिलं. त्यासाठी वर्डप्रेसचं मोफत खातं काढावं लागतं. चार तारे दिले. मराठीत काय बदलावं लागतं ते आकड्यांसह लिहिलं, साइट कुणाची आहे ते लिहिलं. वर्षभर वापरल्यावर जे कळेल त्याची भर त्यात घालणार आहे. ज्यांना अशाच कामासाठी एखाद्या थीमबद्दल विचारायचं असेल त्यांनी खाली थीमचं नाव आणि आपली साइट कशाची आहे ते लिहा. चाचणीचं ते शीर्षक टाकून काय दिसलं, ते मी सांगू शकेन.